सापाचा खाऊ फ्रीजरमध्ये ठेवताना: नव्याने साप पाळणाऱ्या घरांसाठी

केशर घरी आली तेव्हा पेन्सिलीएवढी जाड आणि जेमतेम सव्वा वीत लांब होती. कॉर्न स्नेक, नारिंगी अंगावर लालसर पट्टे. मुलाने दीड वर्ष हट्ट धरला होता. तेवढ्या काळात आम्ही काचेची पेटी, खालून ऊब देणारी चटई, थर्मोस्टॅट, लपायच्या जागा असं सगळं वाचून, विचारून जमवलं. तिच्या खाण्याबद्दल मात्र एवढंच माहीत होतं की ते गोठवलेलं मिळतं. दुकानातून दहा पिंकी, म्हणजे अजून केसही न फुटलेली उंदराची पिल्लं, पातळ पिशवीत घालून मिळाली. "घरी गेल्यावर फ्रीजरमध्ये टाका," एवढीच सूचना. आम्ही टाकली. स्वयंपाकघरातल्या फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात, खवलेल्या नारळाच्या पिशवीशेजारी.

दोन महिन्यांनी एका रात्री फ्रीजरचं दार नीट लागलं नाही. सकाळी पाहिलं तर कप्प्याच्या तळाशी गुलाबीसर पाणी साचलं होतं, आणि नारळाची पिशवी त्या पाण्यात बसली होती. नारळ, मटार, गणपतीसाठी करून ठेवलेलं सारण, सगळं टाकून दिलं. कुणी आजारी पडलं नाही. पण कप्पे घासता घासता माझ्या लक्षात आलं की आपण सहा वर्षांच्या मुलाच्या घरात कच्चं मांस कसं हाताळायचं याचा विचारच केला नव्हता. त्यानंतर प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून, आरोग्य खात्याच्या सूचना वाचून जी पद्धत बसवली, ती इथे लिहिते आहे. आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहतो. ओळखीच्या मराठी घरांतून मुलांनी साप मागितला की आता फोन येतात, आणि प्रत्येकाला मी हेच सांगते.

भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी आधी एक गोष्ट. धामण, नानेटी, अजगर किंवा आपल्याकडचा कुठलाही साप घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. साप घरात शिरला तर वनविभागाला किंवा जवळच्या सर्पमित्राला बोलवायचं. परदेशी जातींचं वेगळं आहे. बॉल पायथनसारख्या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातल्या (सायटीस) याद्यांमध्ये असलेल्या प्राण्यांची सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि त्याचे नियम २०२४ साली आले आहेत. पुढचं सगळं ज्या घरात साप कायदेशीरपणे आला आहे, त्या घरासाठी आहे.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत

बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका. आपली समजूत अशी असते की उणे तापमानात जंतू टिकत नाहीत. साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, टिकतो. गोठवल्यावर त्याची वाढ थांबते, एवढंच. उंदराचा बर्फ उतरला आणि त्याला ऊब मिळाली की तो पुन्हा वाढू लागतो. उंदीर दिसायला निरोगी असला, पिशवी स्वच्छ असली, दुकान नावाजलेलं असलं, तरी त्यात साल्मोनेला नाही असं धरून चालता येत नाही.

याची किंमत लोकांनी मोजलेली आहे. ऑगस्ट २००८ पासून ब्रिटनमध्ये साल्मोनेलाच्या एका ठरावीक प्रकाराचे रुग्ण वाढू लागले. त्यांत मुलं बरीच होती. चौकशी करता करता धागा घरांतल्या सापांपर्यंत आणि तिथून अमेरिकेतून आलेल्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत पोचला. २०१० आणि २०१४ साली अमेरिकेतही अशा उंदरांमुळे अनेक राज्यांत लोक आजारी पडले. ब्रिटनमधली दुसरी साथ २०१५ पासून सुरू झाली आणि अनेक वर्षं रेंगाळली. ८५० हून अधिक लोकांना लागण झाली, आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांचा होता. तेव्हा माग लिथुआनियातून येणाऱ्या उंदरांपर्यंत गेला.

हगवण, ताप, पोटात कळा ही लक्षणं जंतू पोटात गेल्यावर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. बहुतेक मोठी माणसं आठवडाभरात बरी होतात. पाच वर्षांखालची मुलं, वयस्कर माणसं, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले लोक यांना मात्र हा आजार फार जड जाऊ शकतो. साप स्वतः ठणठणीत दिसतो, कारण साल्मोनेला त्याच्या आतड्यात त्याला काही त्रास न देता राहतो. घरात कुणाला असा त्रास झाला तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की घरी साप आहे आणि आम्ही गोठवलेले उंदीर वापरतो. विचारण्याची वाट पाहू नका, साप घरात असेल असं त्यांच्या मनातही येणार नाही.

पहिली पायरी: जागा ठरवा, साप आणण्याआधी

सापाच्या खाऊला वेगळा फ्रीजर हवा, आणि तो स्वयंपाकघराबाहेर हवा. टेबलावर मावेल असा तीस-पस्तीस लिटरचा छोटा फ्रीजर एका सापाला उरून पुरतो. काचेची पेटी आणि थर्मोस्टॅट यांच्या खर्चातच तो धरा. पेटीवर हौसेने खर्च करून फ्रीजरपाशी हात आखडणारी घरं मी पाहिली आहेत. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पेटी सेकंडहँड चालेल.

जुना फ्रीज गॅरेजमध्ये ठेवून वापरायचा विचार असेल तर थांबा. वर फ्रीज आणि खाली फ्रीजर असलेल्या अनेक यंत्रांत एकच थर्मोस्टॅट असतो आणि तो फ्रीजच्या भागात बसवलेला असतो. इथल्या हिवाळ्यात गॅरेज चार-पाच अंशांवर गेलं की त्या थर्मोस्टॅटला वाटतं, पुरेशी थंडी आहे. तो कॉम्प्रेसर चालूच करत नाही, आणि खालचा फ्रीजर हळूहळू विरघळतो. बाहेर कडाक्याची थंडी आणि फ्रीजरमध्ये उंदीर मऊ, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण असंच होतं. यंत्राच्या आतल्या चिठ्ठीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'एसएन' म्हणजे भोवतालचं तापमान किमान १० अंश, 'एन' म्हणजे किमान १६ अंश असायला हवं. गॅरेजसाठी घ्यायचा असेल तर थंड गॅरेजमध्ये चालतो असं स्पष्ट लिहिलेला चेस्ट फ्रीजर, म्हणजे वरून उघडणारा पेटीसारखा फ्रीजर, घ्या. आमचा छोटा फ्रीजर जिन्याखालच्या कोनाड्यात आहे. तिथे वर्षभर घरातलंच तापमान असतं.

भाड्याच्या खोलीत खरंच दुसऱ्या फ्रीजरला जागा नसेल, आणि काही आठवडे निभावायचेच असतील, तर उंदरांची पिशवी झाकण घट्ट लागणाऱ्या कडक प्लास्टिकच्या डब्यात घाला आणि डबा सर्वांत खालच्या कप्प्यात एकटा ठेवा. त्या कप्प्यात दुसरं काहीही नको. गळलं तर ते खाली आपल्या जेवणावर गळू नये म्हणून खालचा कप्पा. पण हा उपाय तात्पुरताच समजा. आमच्या घरात सगळं बिघडायला एक न लागलेलं दार पुरलं होतं.

घरातल्या मोठ्यांना आधीच सांगा. माझ्या सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी येतात. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, घरात त्या अंडंही चालवून घेत नाहीत. पहिल्या वर्षी मी संकोचाने बोललेच नाही आणि त्यांनी मटार शोधताना खालचा कप्पा उघडला. "अगं, हे काय ठेवलंयस?" त्या एवढंच म्हणाल्या, पण दोन दिवस त्यांनी फ्रीजरमधलं काहीच खाल्लं नाही. पुढच्या वेळी त्या निघायच्या आधीच फोनवर सांगितलं, "आई, आता त्याचा फ्रीजर वेगळा आहे, जिन्याखाली. स्वयंपाकघरात त्यातलं काही येत नाही." त्या म्हणाल्या, "मग हरकत नाही. त्या मुक्या जिवालाही खायला लागतंच की." ज्या स्वयंपाकघरात त्या देवाचा नैवेद्य करतात, तिथे हे येऊ नये ही त्यांची अपेक्षा मला रास्त वाटते. आरोग्य खात्याची सूचनाही नेमकी तीच आहे.

दुसरी पायरी: माप आणि संख्या

उंदीर वयानुसार विकले जातात. पिंकी म्हणजे नुकती जन्मलेली, एक-दोन ग्रॅमची. फझी म्हणजे अंगावर लव आलेली. हॉपर म्हणजे डोळे उघडून उड्या मारू लागलेली. त्यानंतर वीनर, मग पूर्ण वाढलेला उंदीर, साधारण वीस ते तीस ग्रॅमचा. पुढे घुशीएवढ्या मोठ्या उंदरांची, म्हणजे रॅटची, अशीच मापं असतात. ती रॉयल पायथनसाठी लागतात. (अमेरिकेत आणि भारतात यालाच बॉल पायथन म्हणतात.) सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा, तेवढ्याच किंवा त्याहून किंचित जाड उंदीर निवडायचा. तोंडाकडे बघून अंदाज करू नका, सापाचा जबडा आपल्या कल्पनेपेक्षा फार मोठा उघडतो.

कॉर्न स्नेकचं पिल्लू पाच ते सात दिवसांनी एक पिंकी खातं, पूर्ण वाढलेला साप दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर. म्हणजे मोठ्या सापाला वर्षाला सव्वीस ते छत्तीस उंदीर. पन्नासाची पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. वाढत्या सापाला दोन-तीन महिन्यांत पुढचं माप लागतं आणि आधीचे पडून राहतात. पडून राहिलेल्या उंदरातला ओलावा बर्फातून थेट उडून जातो, कातडी कागदासारखी होते, चरबी खवट होऊ लागते आणि जीवनसत्त्वं कमी होतात, त्यात ई जीवनसत्त्व आधी. मी सहा महिन्यांपलीकडे काही ठेवत नाही. वर्षभर चालतात असं सांगणारेही आहेत, पण सापाला आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदाच जेवायला मिळतं. ते जेवण चांगलं असावं.

जिवंत उंदीर द्यायचा विचार काही जण बोलून दाखवतात. नको. कोपऱ्यात सापडलेला उंदीर चावतो, आणि सापाच्या डोळ्याला किंवा पाठीला झालेली ती जखम चिघळते. उंदराच्या वाट्यालाही ती भीती का यावी?

तिसरी पायरी: पार्सल आल्यावर लगेच

दुकान जवळ असेल तर थंड पिशवी घेऊन जा, खरेदीत हे शेवटी घ्या आणि सरळ घरी या. त्या पिशवीत पुन्हा भाजी किंवा दूध ठेवू नका, तिच्यावर मार्करने लिहून टाका.

कुरिअरने मागवत असाल तर सोमवार ते बुधवार या दिवसांत निघेल अशीच मागणी नोंदवा. आमचं एक पार्सल गुरुवारी निघालं, कुरिअरवाल्यांकडे शनिवार-रविवार अडकलं आणि सोमवारी दारात आलं. थर्माकोलचा डबा शाबूत होता, आत मात्र सगळं मऊ आणि ओलं. तो सगळा माल टाकला. विकणाऱ्याने फोटो पाहून पैसे परत केले, म्हणून डबा उघडताना फोटो काढायची सवय लावा.

तपासणं सोपं आहे. हातमोजे घालून पिशवीवरूनच दाबा. उंदीर दगडासारखा कडक असेल तर ठीक. वरून जरा ओलसर पण आतून कडक असेल तर लगेच फ्रीजरमध्ये ठेवा आणि तोच आधी वापरा. दाबल्यावर बोट रुतलं, पोट हिरवट दिसलं किंवा वास आला, तर फेका. एकदा पूर्ण विरघळलेला उंदीर पुन्हा गोठवू नका. गोठवल्याने तो ताजा होत नाही. मधल्या काळात जेवढे जंतू वाढले तेवढे त्यात राहतात.

डब्यात कधी कोरडा बर्फ असतो. तो उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हाताला चटका देतो आणि त्याचा वायू होत जातो. त्याला हात लावू नका, तो हवाबंद डब्यात किंवा बेसिनमध्ये टाकू नका. मुलांच्या हाती लागणार नाही अशा हवेशीर जागी ठेवून संपू द्या.

चौथी पायरी: पिशव्या आणि चिठ्ठ्या

दुकानाच्या पिशवीत दहा उंदीर एकमेकांना चिकटून एकच ढेकूळ होतं. ते फोडताना शेपटी तुटते, पोट फाटतं आणि बर्फाचे कण सगळीकडे उडतात. म्हणून माल आल्यावर, तो कडक असतानाच, एकेक उंदीर छोट्या झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि आडवा ठेवा. अशा सगळ्या पिशव्या मिळून झाकणाच्या एका कडक डब्यात. हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करायचं नाही. मी जिन्याखाली जमिनीवर जुना प्लास्टिकचा ट्रे ठेवून करते.

डब्यावर तीन गोष्टी लिहा: माप, आलेली तारीख, कधीपर्यंत वापरायचं. आणि मोठ्या अक्षरांत 'सापाचा खाऊ', मराठीत आणि इंग्रजीत. घरी येणाऱ्या पाहुण्याला किंवा बेबीसिटरला झाकण न उघडता कळलं पाहिजे. नवा माल खाली, जुना वर.

पाचवी पायरी: तापमान, आणि वीज गेली तर

फ्रीजर उणे १८ अंश सेल्सिअसवर किंवा त्याखाली हवा. दारावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत साधा थर्मामीटर ठेवा. बर्फ आपोआप काढणारे फ्रीजर अधूनमधून स्वतःला थोडे गरम करतात, त्याने माल लवकर सुकतो. जमलं तर हाताने बर्फ काढायचा साधा फ्रीजर घ्या.

एक छोटी युक्ती सगळ्यांनी करावी. एका वाटीत पाणी गोठवा, बर्फावर एक नाणं ठेवा आणि वाटी डब्याशेजारी राहू द्या. तुम्ही गावाला गेलेले असताना वीज जाऊन परत आली तर सगळं पुन्हा गोठलेलं दिसेल, पण नाणं बर्फात खाली गेलेलं असेल. नाणं तळाशी सापडलं तर सगळा माल टाका.

वीज गेली तर दार उघडून बघायचा मोह आवरा. भरलेला फ्रीजर बंद राहिला तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. छोट्या फ्रीजरमध्ये आमचे उंदीर कोपऱ्यात मावतात, म्हणून उरलेल्या जागेत मी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते. टेबलावरचा छोटा फ्रीजर मोठ्याइतका वेळ काढत नाही, त्यामुळे या आकड्यांवर फार ताणून धरू नका.

सहावी पायरी: बर्फ उतरवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

आधी सापाकडे बघा. डोळे दुधाळ, निळसर झाले असतील, रंग मंदावला असेल तर तो कात टाकणार आहे, आणि अशा वेळी बरेच साप खात नाहीत. रॉयल पायथन तर हिवाळ्यात कित्येक आठवडे अन्नाला तोंड लावत नाही. वजन टिकून असेल तर ते बहुतेक वेळा काळजीचं नसतं. अशा दिवसांत सवयीने उंदीर बाहेर काढला की तो फुकट जातो, कारण परत गोठवता येत नाही. साप जिभेने हवा चाचपत पेटीत फिरतो आहे, संध्याकाळची वेळ आहे, तेव्हा काढा.

झिपच्या पिशवीतला उंदीर पिशवीसकट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पिशवी बुडेल एवढं थंड पाणी ओता. पाणी आत जाता कामा नये. ओला उंदीर सापाला आवडत नाही आणि त्याला पेटीतली माती चिकटते. पिंकीला पंधरा-वीस मिनिटं लागतात, मोठ्या उंदराला तासभर, मोठ्या रॅटला बराच जास्त वेळ. रॅटसाठी आदल्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवणं उत्तम, पण तो फ्रीज घरच्या जेवणाचा नको. तसा नसेल तर थंड पाणी दोन-तीनदा बदलत राहा. सकाळी ओट्यावर काढून ठेवून संध्याकाळी द्यायचं, असं करू नका. बाहेरचा भाग तासन् तास कोमट राहतो आणि साल्मोनेलाला तेवढंच हवं असतं.

मग पोट तपासा. पिशवीवरूनच बोटांनी पोट आणि छाती हळू दाबा. मध्ये कडक गोळी लागली तर अजून बर्फ आहे. आत बर्फ असलेला उंदीर गिळला तर साप तो उलटून टाकू शकतो. उलटी हा सापासाठी मोठा धक्का असतो. त्यानंतर दहा-चौदा दिवस काही द्यायचं नाही आणि पुढचं जेवण लहान द्यायचं. पुन्हा झालं तर प्राण्यांचा डॉक्टर.

पूर्ण मऊ झाल्यावर पाणी बदला आणि पिशवी कोमट पाण्यात, चाळीस अंशांच्या आसपास, पाच-दहा मिनिटं ठेवा. आंघोळीच्या पाण्याहून जरा गरम, हात सहज राहील असं. रॉयल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्याला उंदराचं डोकं उबदार लागलं की तो झडप घालतो. कॉर्न स्नेक त्याबाबत कमी चोखंदळ आहे. उकळतं पाणी नको, कातडी शिजते आणि पोट फुटतं. मायक्रोवेव्ह तर अजिबात नको. बाहेरून गरम आणि आतून गोठलेला राहतो, कधी आतच फुटतो, आणि त्या मायक्रोवेव्हमध्ये आपण दूध गरम करतो.

डबा, पाण्याचा जग, चिमटा, ट्रे, सगळं सापाचं वेगळं. आमच्याकडे या सगळ्याला लाल चिकटपट्टी लावलेली आहे, म्हणजे घाईत चूक होत नाही.

सातवी पायरी: देताना आणि दिल्यावर

लांब चिमट्याने द्या, तीस सेंटिमीटरचा तरी हवा. उंदराचा वास लागलेला हात सापाला उंदीरच वाटतो. मुलगा सात वर्षांचा झाला तेव्हा त्याला चिमटा धरायला दिला, पण पिशवी उघडणं आणि पाणी ओतणं अजूनही मी किंवा त्याचे बाबा करतो. पाच वर्षांखालच्या मुलाने यातल्या कशालाही हात लावू नये, बघायला दूर बसावं. आणि घरातलं रांगतं बाळ त्या वेळी दुसऱ्या खोलीत हवं.

खाल्ल्यावर दोन दिवस साप हातात घेऊ नका.

हात साबण आणि वाहत्या पाण्याने वीस सेकंद धुवा, हातमोजे घातले होते तरीही. बाथरूमच्या बेसिनमध्ये धुवा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. डब्यातलं पाणी संडासात ओता. डबा, चिमटा आणि ट्रे आधी साबणाने घासा, मग जंतुनाशक लावून बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्या आणि धुवा. घाण तशीच असेल तर वरून फवारलेलं जंतुनाशक काम करत नाही, म्हणून घासणं आधी. पेटीच्या आत मात्र फिनाईल किंवा तसलं काही वापरू नका, ते सापाला घातक ठरतं. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचं जंतुनाशक मिळतं, तेच घ्या.

आठवी पायरी: उरलेलं

सापाने नाकारलेला उंदीर रात्रभर पेटीत ठेवला तर चालतो असं बरेच जण म्हणतात. पेटीत तीस अंशांची ऊब असते, म्हणून मी झोपायच्या आधीच चिमट्याने काढते. दोन पिशव्यांत बांधून, बाहेरच्या सर्वसाधारण कचऱ्याच्या डब्यात. अन्नकचऱ्याच्या छोट्या डब्यात नाही, कारण तो स्वयंपाकघरात असतो. बागेत पुरू नका, कोल्हे उकरून काढतात. कचऱ्याची गाडी यायला आठवडा असेल आणि उन्हाळा असेल, तर बांधलेली पिशवी 'फेकायचं' असं लिहून सापाच्याच फ्रीजरमध्ये ठेवा आणि गाडीच्या दिवशी सकाळी बाहेर काढा. त्या उंदराला खाऊच्या डब्यात परत जागा नाही.

सुट्टीत तीन आठवडे आम्ही भारतात जातो तेव्हा शेजारची मुलगी रोज पाणी बदलते आणि थर्मोस्टॅट बघते. केशर आता चार वर्षांची, सव्वा मीटर लांब आहे. निघायच्या चार-पाच दिवस आधी तिला खायला घालतो, त्यानंतरचा उपास तिला सहज सोसतो. त्यामुळे शेजारच्या मुलीला उंदीर हाताळावे लागत नाहीत. पिल्लू असतं तर एवढं थांबता आलं नसतं, तेव्हा मुलगा आणि त्याचे बाबा मागे राहिले होते. जाताना फ्रीजरच्या स्विचवर चिकटपट्टी लावून 'बंद करू नका' असं लिहितो. परत आल्यावर, बॅगा जिन्यापाशी तशाच ठेवून, मुलगा सगळ्यात आधी वाटीतलं नाणं कुठे आहे ते बघतो.